दगूभाऊंची जर्मनी

आमच्या गल्लीत दुपारी बाराच्या ठोक्याला जर्मनी सुरू होते आणि बारा वाजून बावीस मिनिटांनी संपते. थापा मारत नाही. सिडकोत या, आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. समोरच्या घराचं फाटक उघडतं आणि दगूभाऊ सांगळे बाहेर येतात. अंगात इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी, पायात लेकीनं पाठवलेले पांढरेशुभ्र बूट, खिशात फोन आणि फोनातून निघून कानात गेलेली वायर. फाटकाची कडी दोनदा वाजवतात आणि रिकाम्या रस्त्याकडे बघून ओरडतात, “चला, डबल बेल! जाऊ द्या!” गाडी नाही, ड्रायव्हर नाही, प्रवासी नाही. एकटे दगूभाऊ निघतात.

पिठाच्या गिरणीसमोर आले की विचारतात, “बेकरी आली का?” दत्तमंदिराशी आले की, “चर्च, चर्च!” नाल्यावरच्या मोरीवर आले की, “पूल! सांभाळून, लाकूड वलं आसन.” गल्लीत नवीन भाडेकरू आले की पहिल्याच आठवड्यात बाई माझ्याकडे ब्लाऊज टाकायला येते, माप देता देता खिडकीबाहेर बघते आणि हळूच विचारते, “ते समोरचे काका... बरे आहेत ना?”

मी म्हणते, “बरे आहेत. जर्मनीत आहेत.”

मी शिवणकाम करते. मशीन खिडकीशी आहे, त्यामुळे हात कापडावर आणि डोळे रस्त्यावर, असं गेली वीस वर्षं चाललंय. आमचे हे अंबडला कारखान्यात. ते म्हणतात, “तू शिवतेस कमी आणि पहारा जास्त देतेस.” म्हणू देत. गल्लीत कोणाकडे कोण आलं हे मला माहीत नसेल तर आणखी कोणाला असणार? तर दगूभाऊंची सगळी हकिकत मला ठाऊक आहे, आणि ती सांगायचा हक्क माझाच आहे.

दगूभाऊ मूळचे सिन्नरकडचे. तेहेतीस वर्षं एसटीत कंडक्टर. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण ते फक्त कागदावर. लग्नाच्या पंगतीत गेले तरी दारात उभे राहून, “पुढं सरका, पुढं सरका, मधी लय जागा हाय!” एकदा पंचवटीला लग्नाची खरेदी होती म्हणून आम्ही शेअर रिक्षानं निघालो. मी, हे आणि दगूभाऊ. पाच मिनिटांत त्यांनी रिक्षाचा ताबा घेतला. एका जाड्या गृहस्थाला आत दाबला, एका म्हातारीला पुढून मागे आणली, चौकाचौकात मान बाहेर काढून “पंचवटी, पंचवटी” अशी हाळी दिली. रिक्षावाला इतका खूश, की उतरताना म्हणाला, “काका, उद्या मोकळे आहात का?” दगूभाऊ गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, “उद्या नाय जमायचं. माझी बाराची ड्युटी हाय.”

ही बाराची ड्युटी म्हणजे सायली. त्यांची एकुलती एक लेक. इथे अंबडलाच इंजिनिअर होती. दोन वर्षांपूर्वी जर्मनीत नोकरी लागली. गावाचं नाव मला येत नाही आणि दगूभाऊंनाही येत नाही. ते म्हणतात, “नावात काय हाय, आपलं सिन्नर धरा.” सायली राहायची तिथून तिचं ऑफिस बावीस मिनिटं चालत. पोरगी पहिल्या दिवशी निघाली ती घाबरतच. रस्ता अनोळखी, माणसं अनोळखी, वाटेत एक कबरस्तान. तिनं फोन लावला, म्हणाली, “बाबा, पोचेपर्यंत बोलत राहा ना.” दगूभाऊंच्या घरवाल्या, आमच्या मथुरावहिनी, जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. घरात दुसरं कोणी नाही. दगूभाऊ खुर्चीत बसून बोलायला लागले, आणि दोन मिनिटांत उठून उभे राहिले. नंतर मला म्हणाले, “वहिनी, ती चालनार आन मी बसनार? बसून कुठं सोबत होती का?” चपला घातल्या आणि तसेच रस्त्यावर आले.

तेव्हापासून रोज. रविवार आणि तिकडच्या सुट्ट्या सोडून. आठवड्याभरात त्यांनी तिच्या सगळ्या रस्त्याची माहिती काढली आणि आमच्या गल्लीवर बसवली. पाच टप्पे पाडले. गिरणी ती बेकरी, दत्तमंदिर ते चर्च, मोरी तो पूल, पाण्याच्या टाकीची भिंत ते कबरस्तान, आणि मागचं समाजमंदिर ते ऑफिस. टाकीशी आले की आवाज चढवायचे, म्हणजे पोरीला भीती वाटू नये. टाकीशेजारी राहणाऱ्या जोशीबाईंचं म्हणणं, की त्यांची दुपारची झोप जर्मनीनं घालवली.

पोरीचे पाय झपझप, यांचे गुडघे साठीतले. पण ते ऐकतील तर शपथ! “रनिंग टाइम बावीस मिन्टं. लवकर पोचून काय करनार तू? साहेब कुलूप काढीत बसला आसन.” मग ती हळू चालायची. कधी सायली म्हणायची, आज बरं वाटत नाही, उशिरा निघते. त्यावर यांचं ठरलेलं उत्तर, “लेट चालंल. कॅन्सल नाय चालायचं.”

बेकरीतल्या बाईला ते ओळखतात. तिच्या मुलाचं लग्न कधी ठरतंय याची त्यांना काळजी. चर्चपाशी एक म्हातारबा कुत्रा घेऊन भेटतो. तो चार दिवस दिसला नाही तेव्हा दगूभाऊ मला म्हणाले, “काय झालं आसन हो?” मी म्हटलं, “कोणाला?” तर म्हणाले, “कुत्र्याला.” मी कपाळावर हात मारला. पाचव्या दिवशी म्हातारबा दिसला, कुत्र्याच्या पायाला पट्टी होती. दगूभाऊंनी दत्ताला नारळ फोडला आणि खोबरं मला आणून दिलं. जर्मन कुत्र्याचा प्रसाद आम्ही चटणीत वाटला.

पहिल्या वर्षीची एक गंमत सांगते. तेव्हा जर्मनी अकराला सुटायची. ऑक्टोबर संपत आला होता. एके दिवशी बरोबर अकराला कडी वाजली, पण गाडी काही हलेना. फोन लागत होता, उचलत कोणी नव्हतं. सव्वाअकरा, साडेअकरा. दगूभाऊ माझ्या पायरीवर येऊन बसले. तोंडाचं पाणी पळालेलं. मी चहा दिला, तो तसाच गार झाला. मी पण मनातून टरकले होते, पण तोंडानं म्हणत होते, “अहो, झोपली असेल.” बाराला फोन वाजला. सायली म्हणाली, “बाबा, इतके मिस्ड कॉल? इकडे साडेसातच वाजलेत. कालपासून घड्याळं एक तास मागे केलीत सगळ्यांनी, सांगायचं राहिलं.”

दगूभाऊंच्या जिवात जीव आला आणि लगेच राग आला. “सगळ्या देशानं घड्याळ मागं केलं? आन पब्लिकला न इचारता? आमच्या डेपोत टाइम बदलला तर आठ दिवस आधी बोर्ड लागायचा!” सायली तिकडे हसून लोटपोट. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या फाटकावर वहीचा कागद चिकटवलेला होता. “प्रवाशांनी नोंद घ्यावी. आजपासून जर्मनी दुपारी बारा वाजता सुटेल.” जोशीबाईंनी तो वाचला आणि झोपेची वेळ बदलली.

आणि कपडे! जानेवारीत तिकडे बर्फ पडला. इकडे भर बाराचं ऊन, आणि हा गृहस्थ स्वेटर, मफलर, माकडटोपी घालून निघाला. घामाच्या धारा. मी खिडकीतून ओरडले, “अहो दगूभाऊ, शिजाल!” ते थांबले, फोनवर हात ठेवला आणि मला हळूच म्हणाले, “वहिनी, पोरगी गारठ्यात हाय. मला उकडतंय म्हून कसं चालंल?” तेव्हा मी खूप हसले. ह्यांना सांगितलं, ते पण हसले. पण त्या दिवशी दुपारी मी लिंबाचं सरबत करून त्यांच्याकडे नेऊन दिलं.

हे असं दोन वर्षं चाललं. यंदा दिवाळीनंतर मात्र काहीतरी बिनसलं.

दगूभाऊ मोरीवर थांबायला लागले. “पूल!” म्हणायचे आणि मान वाकडी करून ऐकत उभे राहायचे. मग पुढे जायचे, पण आवाज खाली. टाकीशी तर अगदीच पुटपुटल्यासारखे. जोशीबाई स्वतः येऊन मला विचारून गेल्या, “त्यांना बरं नाही का? आवाजच येत नाही.” बाईची झोप पुन्हा उडाली होती, यावेळी आवाज नाही म्हणून.

एक दिवस ते फेरी संपवून सरळ माझ्या दारात आले. बूट न काढता खालीच उभे. म्हणाले, “वहिनी, पोरगी पुलावरून जात नाय.”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“लाकडाचा पूल हाय तो. त्याच्यावर पाय पडला का पोकळ वाजतो. खाली पानी वाजतं. दोन वर्षं ऐकलंय मी. आता बारा दिवस झाले, मी म्हनतो पूल, ती म्हनती आला बाबा. पन पूल वाजत नाय. बेकरीच्या दाराची घंटी पन नाय. चर्चचे टोले लांबून येत्यात.” ते पायरीवर बसले. “तेहेतीस वर्षं बिनतिकिटाचा मानूस मी तोंडावरून वळखला. ही तर माझी पोरगी. ती खोटं बोलती, वहिनी. तिची नोकरी गेली.”

मी म्हटलं, “असं कशावरून?”

“मग दुसरं काय? तिकडं लोकांना काढाया लागलेत, मोबाईलवर रोज येतंय. नोकरी गेली, बापाला सांगवंना, म्हून रोज घराभवती फिरत आसन आन मला म्हनती बेकरी आली.”

“मग विचारा ना सरळ. तुमचीच लेक आहे.”

त्यांनी मान हलवली. “गर्दीत बिनतिकिटाचा घावला ना, तर मी त्याला सगळ्यांसमोर कधी उठवलं नाय. नुसता त्याच्याजवळ जाऊन उभा राह्यचो. दोन थांबे गेले का तो आपला आपन सांगायचा. ही पन सांगन. मी उभा हाय.”

उभे आहेत म्हणे! इकडे माणूस अर्धा झाला. दोन पोळ्यांची एक झाली. सायलीची खोली झाडून घेतली, गादीला ऊन दिलं, तिचे जुने कपडे, पुस्तकं कपाटातून काढून नीट लावली. पोरगी परत येणार असं धरून चालले होते ते, आणि रोज बाराला मात्र कडी वाजवून “डबल बेल” म्हणत होते. मला हे बघवेना. माझा स्वभाव असा, की शिलाई उसवलेली दिसली की हात शिवशिवतात. चौथ्या दिवशी साडेचारला, म्हणजे तिकडे जेवणाच्या सुट्टीत, मी सायलीला फोन लावला.

“काय ग बाई,” मी सुरुवातच तिथून केली, “नोकरी आहे का गेली?”

“नोकरी? आहे ना काकू. कोण म्हणालं गेली?”

“तुझा बाप म्हणतो. तुझा पूल वाजत नाही म्हणे.”

तिचा आवाज एकदम बारीक झाला. “त्यांना कळलं?”

आणि मग तिनं सांगितलं. जुन्या घराच्या मालकाला घर हवं होतं. दिवाळीच्या सुमारास तिला नवीन जागा मिळाली ती ऑफिसच्या अगदी समोर. दारातून निघालं की दोन मिनिटांत खुर्चीत. तिच्याबरोबरच्या पोरी म्हणाल्या, नशीबवान आहेस, वीस मिनिटं जास्त झोपायला मिळेल.

“मग झोपत का नाहीस?”

“काकू, बाबांना सांगितलं असतं की दोनच मिनिटं लागतात, तर ते म्हणाले असते, मग फोन कशाला, झोप निवांत. तुम्हाला माहितीये ना ते. मागे एक तळं आहे. मी साडेसातलाच निघते आणि त्याला तीन चकरा मारते. बरोबर बावीस मिनिटं होतात.”

मी म्हटलं, “एवढ्या थंडीत? बापाला एकटं वाटू नये म्हणून?”

“त्यांच्यासाठी नाही हो,” ती म्हणाली. “माझ्यासाठी. शाळेत सगळ्यांना त्यांचे बाबा सोडायला यायचे. माझे बाबा सिन्नरच्या गाडीत लोकांना सोडायचे. मी उठायच्या आधी गेलेले असायचे, नाहीतर मुक्कामी असायचे. दहा वर्षांत एकदा पण नाही आले शाळेपर्यंत. मी कधी बोलले नाही, आई रागवायची. आता रोज येतात ते माझ्याबरोबर. मी कशी सोडू?”

मी पदर डोळ्यांना लावला. खोटं कशाला बोलू, चांगली रडले. मग नाक पुसून तिला झापली, “अग शहाणे, तिकडे तू चकरा मार आणि इकडे बाप जेवायचा बंद झालाय. सांग त्यांना आजच्या आज.”

“मला नाही जमणार काकू. तुम्ही सांगा. पण त्यांना म्हणावं, बंद करू नका.”

संध्याकाळी दगूभाऊ अंगणात तुळशीला पाणी घालत होते. मी फाटक ढकलून आत गेले आणि आडवळणं न घेता सांगून टाकलं. “नोकरी शाबूत आहे. पोरीनं घर बदललंय. ऑफिसच्या समोर राहते दिवाळीपासून.”

त्यांनी तांब्या खाली ठेवला. चेहरा एकदम मोकळा झाला, आणि लगेच कपाळाला आठी पडली. “समोर? म्हंजी किती लांब?”

“दोन मिनिटं.”

“मग बावीस मिन्टं चालती कुठं?”

“कुठे नाही, दगूभाऊ. तुमच्याबरोबर चालते.”

त्यांना आधी कळलंच नाही. मी तळ्याच्या चकरा सांगितल्या. मग शाळेचं सांगितलं, ती म्हणाली तसंच, एक शब्द इकडचा तिकडे न करता. दगूभाऊ तुळशीच्या कट्ट्यावर बसले. दाराशी काढून ठेवलेले पांढरे बूट उचलून त्यांवरची धूळ पुसत राहिले. मला वाटलं, सांगायला नको होतं. शेवटी म्हणाले, “येडी. केवढी थंडी तिकडं, आन तळ्याच्या काठाला फिरती.” एवढंच. मग उठून आत गेले, आणि मी पण घरी आले.

रात्रभर माझ्या मनात एकच. आता हा माणूस पोरीला थंडी लागते म्हणून फेरीच बंद करणार. एवढं जपलेलं त्या दोघांचं, आणि मोडलं कोणी? मी. ह्यांना म्हटलं, तर ते म्हणाले, “तुला कोणी सांगितलं होतं मधे पडायला?”

दुसऱ्या दिवशी बारा वाजले. फाटक उघडलं नाही. मी मशीन थांबवली. बारा वाजून दोन मिनिटं. बारा वाजून पाच. हातातली बाही उलटी जोडली गेली, उसवायला घेतली. तेवढ्यात दगूभाऊ बाहेर आले. स्वेटर, मफलर, माकडटोपी, सगळा सरंजाम. कडी वाजवली नाही. गिरणीकडे जाणारा रस्ता सोडला आणि उलट दिशेला, बागेकडे वळले. आमच्या कॉलनीच्या बागेला चालायला गोल वाट आहे. माझ्या खिडकीखालूनच जावं लागतं तिकडे.

“टोपी घातली का?” ते फोनवर म्हणत होते. “कानावरून घे. हां. आता तू सांगायचं. मला हा रस्ता नवा हाय. तळं कोन्या हाताला हाय, काय काय दिसतंय, समदं सांग. मी येतो मागं मागं.”

दगूभाऊ गप्प होऊन ऐकत चालले होते. दोन वर्षांत त्यांना असं गप्प चालताना मी पहिल्यांदा बघत होते. खिडकीच्या पुढे गेले आणि थांबले.

“तीन चकरा मारती ना? उद्यापास्नं सात मिन्टं आधी निघ. चार मारू.” तिकडून तिनं काहीतरी विचारलं असावं. दगूभाऊंनी माकडटोपी सारखी केली.

“चौथी कशाची म्हंजी? शाळेची. ती राह्यलीये माझी.”